टाचणीखालचे चोवीस आकडे

१९ मे १९५७, रविवार. सकाळची कामं उरकून साडेनऊला मी कच्च्या वहीच्या टाचण्या काढायला बसले. दीडशेच्या वर पानं, प्रत्येक पान दुमडून टाचणीनं बंद केलेलं. टाचण्या बशीत, पानं सरळ करून एका बाजूला आणि शेजारी पक्क्या प्रतीची कोरी वही. सुट्टीत हे एवढं काम संपवायचं ठरवलं होतं.

मी मुलींच्या शाळेत अंकगणित शिकवते. अंगात येणं, नजर लागणं, कुणाला काय दिसलं... असल्या गोष्टी आमच्या घरात मी बसू दिलेल्या नाहीत. सासूबाई दारावर लिंबू-मिरची टांगायच्या. त्या गेल्यावर पुढच्याच शनिवारी ते बंद केलं, आणि घराला काही झालं नाही. तुमच्या मासिकाच्या सदरात लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मी बऱ्याचदा हसलेही आहे. हे लिहायला दोन वर्षं घेतली ती त्यामुळेच.

आधी त्या टाचण्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आकाशात उत्तरेच्या बाजूला ब्रह्महृदय नावाचा ठळक तारा आहे. त्याच्याजवळ तीन बारीक ताऱ्यांचा चिंचोळा त्रिकोण आहे. त्यातला एक तारा दर सत्तावीस वर्षांनी मंद होतो आणि पुन्हा पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन वर्षं घेतो. त्याच्यासमोरून काहीतरी जातं. काय जातं ते आजवर कुणाला दिसलेलं नाही. ताऱ्याचा उजेड कमी होतो एवढ्यावरूनच ते आहे असं म्हणायचं. कुणी म्हणतं प्रचंड मोठा काळोखा तारा, कुणी म्हणतं धुळीची चकती. आमच्या ह्यांचं मत धुळीचं. मी म्हणायचे, "मग एकदा झाडून काढा आणि मला मोकळं करा."

ह्या ग्रहणालाही पंचांगातल्यासारखेच टप्पे असतात. त्यातलं उन्मीलन म्हणजे झाकलेला तारा पुन्हा उजळायला लागतो तो काळ. तो नेमका पकडला तर आड आलेली वस्तू केवढी, याचा अंदाज बांधता येतो. मागचं ग्रहण ह्यांनी तेविसाव्या वर्षी बघायला घेतलं. दीड वर्ष नेमानं बघितलं, आणि ऐन उन्मीलनाच्या सुमाराला, १९२९च्या मार्गशीर्षात, ह्यांचं लग्न निघालं. वऱ्हाड मलकापूरला आमच्या दारात आलं. लग्न, पाहुणचार, देवदर्शन धरून तीन आठवडे गेले. परत येऊन बघतात तो तारा उजळायला लागलेला. कधीपासून, ते कळायला मार्ग नाही.

"तुझ्यापायी गेलं माझं उन्मीलन," हे म्हणायचे.

"मलकापुरात आकाश नव्हतं काय?"

"होतं की. पण नवरदेवाला मांडवाबाहेर सोडतंय कोण? बाहेर पडलो की तुझे मामा विचारायचे, पावणं, पोट बिघडलं काय?"

सत्तावीस वर्षं हे बोलणं चाललं होतं. हसतच चालायचं, पण त्यात गंमत किती आणि खरं किती ते मला माहीत होतं.

१९५५ साली तारा पुन्हा मंद व्हायला लागला तोवर ह्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता आणि डाव्याला दार कुठं, खिडकी कुठं एवढंच कळायचं. शाळेतली ड्रॉइंग मास्तरची नोकरी सुटली. पुढचं ग्रहण १९८२ साली. म्हणजे ह्यांना आपल्या वहीत उन्मीलन हवं असेल तर ते आत्ताच, आणि तेही माझ्या डोळ्यांनी. घरात दुसरे डोळे नव्हते.

पद्धत ह्यांची. आमच्या ताऱ्याजवळच्या दोन ताऱ्यांना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली उजळ, धाकटी मंद. दोघींच्या उजेडातल्या फरकाचे मनानं दहा भाग पाडायचे आणि आमचा तारा धाकटीपेक्षा किती भाग वर आहे तो आकडा लिहायचा. लिहिलं की पान दुमडून टाचणी. आदल्या दिवशीचा आकडा बघायचा नाही, ह्यांनाही सांगायचा नाही. "कालचं लक्षात असलं की डोळा आज तेच बघतो," हे म्हणायचे. वही उघडायची ती तारा पश्चिमेला मावळून गेल्यावर, मे महिन्यात, एकदमच.

आता माझी चूक सांगते. तिला दुसरा शब्द नाही.

४ जानेवारीला आमची सुमन घरीच बाळंत झाली. कागलला दिलेली, पहिलटकरीण, पहिल्याच आठवड्यात तिला ताप. पहाटे चारला नळाचं पाणी भरायचं, मग बाळ-बाळंतिणीची अंघोळ, शेक, ह्यांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब, अकरा ते पाच शाळा, परत येऊन स्वयंपाक. आठ वाजता हे खुर्चीतून म्हणायचे, "अगं, वेळ झाली."

गच्चीला एकोणीस पायऱ्या. नवव्या पायरीला जिना वळतो. पहिल्या दिवशी तिथं दम घ्यायला बसले... आणि उठवेना. अंधार, गार भिंत, आणि कुणी हाक मारत नाही. दहा मिनिटं डोळे मिटून बसले, खाली आले आणि वहीत '१' लिहिलं. वर्षभर तारा धाकटीच्या बरोबरीनं चिकटून बसला होता. एका दिवसात काय बदलणार होतं?

"झालं?" ह्यांनी विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशीही तेच. २८ तारखेला माझी धाकटी जाऊ मदतीला येईपर्यंत तेच. चोवीस संध्याकाळी मी नवव्या पायरीवर बसले आणि चोवीस वेळा '१' लिहून टाचणी मारली. उन्मीलन त्याच सुमाराला अपेक्षित आहे हे मला माहीत होतं. माहीत असून बसले. दिवसभरातली तेवढीच दहा मिनिटं माझी होती.

२८पासून मी पुन्हा नेमानं वर गेले. तारा तोवर धाकटीच्या चांगलाच वर आला होता. म्हणजे मधल्या दिवसांत काय झालं असेल ते मला कळून चुकलं. तरी मी बोलले नाही. मे महिन्यात वही उघडेल तेव्हा बघू म्हटलं.

तर आता तो मे महिना. डिसेंबरची पानं झाली. ४ जानेवारीच्या पानाची टाचणी काढली. १. पाच तारीख, १. सहा, १. हे शेजारी बसून ऐकत होते. मी एकसुरात वाचत होते आणि शेवटी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. अकरा तारखेच्या पानावर २ होते.

मी थांबले.

"वाच की," हे म्हणाले.

बारा तारीख, २. पंधरा, ३. सतरा, ३. एकोणीस आणि वीसला पुन्हा १. एकवीसला ३. सत्तावीसला ४. अक्षर माझं. ३चा वरचा भाग मी सपाट काढते, तोच सपाट काढलेला. पेन्सिल तीच, टाचणी मारायची जागा तीच. आणि मी हे लिहिलेलं नव्हतं.

"आलं," हे म्हणाले. "अकरा जानेवारी. आलं गं." खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं.

पुण्याचे एक गृहस्थ हाच तारा बघायचे, ह्याच दोन ताऱ्यांवरून, ह्याच दहा भागांत. ह्यांनीच त्यांना पत्रातून शिकवलं होतं. त्यांचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. आपली पानं उघडेपर्यंत ते फोडायचं नाही, असा ह्यांचाच नियम, म्हणून तसंच बंद पडलं होतं. ते मी फोडलं. त्या दिवसांतले सतरा आकडे त्यांच्याकडे होते. चौदा जसेच्या तसे जुळले, उरलेल्या तिनांत एकेक भागाचा फरक. खाली लिहिलं होतं, "१९ व २० जानेवारीस तारा पुन्हा उतरलेला दिसला. माझ्या डोळ्यांचा दोष असावा. आपल्याकडे काय आहे ते कळवावे."

ते मी मोठ्यानं वाचलं आणि भात लावायचाय म्हणून उठले.

दुपारी उशांचे अभ्रे आणायला समोर बाबालालभाईंच्या दुकानात गेले. गल्लीच्या पलीकडचे शिंपी. त्यांच्या दारातून आमची गच्ची सरळ दिसते. मी काही विचारलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

"बाई, हल्ली वर दिसत न्हाईसा," ते म्हणाले.

"तारा मावळला. आता पावसाळ्यानंतर."

"व्हय काय? थंडीत मातुर एक दिस चुकला न्हाई तुमचा. आमची म्हणायची, घरात बाळंतीण हाय आन् ही बाई गार वाऱ्यात हुबी. सर्दी हुईल म्हनावं."

"जानेवारीत?"

"मग कवा? माझ्या पायावर फळी पडली न्हवं, तवा तुमीच वरनं वाकून इचारलासा की, लागलं काय म्हणून."

"कुठला दिवस होता तो?"

"भोगीचा. संक्रांतीची कापडं द्यायची गडबड, दुकान बंद कराय गेलो आन् फळी निसटली. पंधरा दिस लंगडत हुतो. असं कसं इसरलासा?"

"तुम्ही मला बघितलं? तोंड बघितलं?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "शाल हुती डोक्यावरनं. अंधारात तोंड कुठलं दिसतंय? आवाज तुमचाच हुता की. का वो बाई?"

"काही नाही. अभ्रे द्या."

भोगीच्या संध्याकाळी मी कुठं होते ते मला पक्कं आठवतं. बाजरीच्या भाकऱ्या थापून मनगटं दुखत होती, ती चोळत मी नवव्या पायरीवर बसले होते. आणि घरात शाल एकच. ती जानेवारीभर बाळाच्या अंगाखाली होती.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. पायरी, '१', शाल, बाबालालभाई. मधे ते एकदाच बोलले. "कितवी पायरी?"

"नववी."

"आणि वर कुणी गेलेलं ऐकू आलं नाही? तुझ्या अंगावरूनच जायला हवं."

"नाही."

लग्नाचा टोमणा त्या दिवशी त्यांनी मारला नाही. मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "आकडे पुण्याशी जुळतात. अक्षर माझं आहे. लिहून टाकू. कुणाला काय कळतंय?"

"खोटे आहेत असं मी म्हणत नाही," हे म्हणाले. "पण बघणाऱ्याचं नाव काय लिहायचं?"

"माझं."

"तू होतीस काय तिथं?"

मी वही मिटली.

"मग ते आपले नाहीत," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. झोपले नव्हते. मीही नव्हते.

दोन वर्षांत ह्याचा मी सगळ्या बाजूंनी विचार केला. झोपेत चालत वर गेले म्हणावं तर चोवीस दिवस रोज? आणि झोपेत उजेडाचे दहा भाग पाडले? बाबालालभाईंचा डिसेंबर-जानेवारीचा घोटाळा झाला म्हणावं, तर फळी पडली त्याची तारीख त्यांच्या अख्ख्या घराला माहीत आहे. ह्यांनी लिहिलं म्हणावं, तर ह्यांना पानच दिसत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून काहीही होतं असं डॉक्टर म्हणाले. होत असेल. पण थकलेल्या माणसाला जिन्यात बसून तारा दिसतो का, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. भटजींकडून शांत-बिंत करायला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, पक्की प्रत पुरी केली. ४ जानेवारीपासूनच्या चोवीस ओळींत 'निरीक्षण नाही' असं लिहिलं. प्रत्येक ओळ लिहून झाली की ह्यांनी वाचायला लावली, आणि मी वाचली. साडेदहाला पोस्टात जाऊन पुण्याचं पाकीट रजिस्टर केलं. घरी आले, चपला काढल्या आणि स्वयंपाक तसाच टाकून सतरंजीवर आडवी झाले. जाग आली ती स्टोव्हच्या आवाजानं. हे चाचपडत चहा करत होते. काड्यांची पेटी खाली पडली, ती शोधत होते. नेहमी मी धावले असते. पडून राहिले.