तिघांच्या ताटातली भाकरी

हिंजवडीत नोकरी आणि भरे गावात भाड्याची खोली, एवढाच माझा संसार. घरमालकीण मावशींचा एक नियम आहे: पाहुण्याला वाढायचं, घरच्यानं हातानं घ्यायचं. पहिलं वर्षभर त्या मला आग्रह करकरून वाढत होत्या. मग एके दिवशी भाकरीची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः जेवायला बसल्या. त्या दिवशी मी परभणीला आईला फोन करून सांगितलं, की आता माझी काळजी करू नकोस.

तर ऑफिसातल्या आम्हा चार टाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही एक छोटा चित्रपट करायला घेतला. एका तरुणाचा जीव एका मुलीवर आहे आणि आपल्या मित्रावरही, दोन्हीकडे खराखुरा. गोष्ट मी लिहिली होती आणि बरीचशी माझीच होती, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींना तर "तीन मित्रांची गोष्ट आहे" एवढंच सांगून त्यांची पडवी मागून घेतली. त्यांना कळलं तर? खोली दुसरी मिळाली असती, मावशी कुठून मिळाल्या असत्या?

जेवणाचा प्रसंग होता. तिघं जेवायला बसलेले, प्रत्येकाच्या ताटात अर्धी भाकरी, आणि बोलता बोलता नायक मित्राच्या हातावर हात ठेवतो. कॅमेरा सुरू झाला की मावशी चुलीपासून उठून यायच्या आणि ताटात भाकरी टाकून जायच्या. दिग्दर्शकानं हात जोडले. "मावशी, मघाशी अर्धी होती, आता दीड झाली. बघणाऱ्यांना कळेल."

"कळू दे की. माज्या दारात पोरं उपाशी बसल्यात, ह्ये कळलेलं बरं व्हय?"

पाचव्या खेपेला त्या आल्या आणि मध्येच थबकल्या. नायकाचा हात मित्राच्या हातावर होता. भाकरी न वाढताच त्या परत गेल्या. दिग्दर्शक खूश झाला. मी मात्र मावशींच्या पाठीकडे बघत राहिलो.

सगळे गेल्यावर त्या भांडी घासत होत्या. मी विसळायला बसलो.

"ही गोष्ट लिवली कुणी?"

"मी."

"तुजीच हाय?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मान हलवली.

"मागं ती चष्मेवाली पोरगी यायची, ती?"

"ती खरीच होती, मावशी. बंगळूरला गेली, मग हळूहळू तुटलं."

"आन् आता दर रविवारी येतोय त्यो?"

"तोही खराच आहे."

त्यांनी परात पालथी घातली. "लई कमी जेवतोय त्यो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. यातून मी काय समजायचं? आठवडाभर मी सामान भरायला खोकी कुठं मिळतील याचाच विचार करत होतो.

रविवारी तो आला. एरवी मावशी त्याला नको नको म्हणेपर्यंत वाढायच्या. या वेळी त्यांनी पिठलं आणलं, टोपली मध्ये ठेवली आणि आपलं ताट घेऊन बसल्या. त्याचं ताट रिकामं झालं, तरी जागच्या हलल्या नाहीत. आपलं काही चुकलं असं वाटून त्याचा चेहरा उतरला आणि तो माझ्याकडे बघू लागला. मला मात्र इतका आनंद झाला होता, की त्याला खूण करायचंही राहून गेलं.

"त्याच्याकडं काय बघतोस?" मावशी त्याला म्हणाल्या. "हातानं घे."