झिरो पाहून घ्या

शिरपूरच्या रस्त्यावरच्या पंपमालकानं मला फसवलं. जास्त ऑक्टेनचं म्हणून महाग पेट्रोल विकलं, निघालं साधं.

भरणारा माणूस मात्र मला आवडायचा. नळी लावण्याआधी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मशीनची काच पुसायचा आणि बोट दाखवून म्हणायचा, "झिरो पाहून घ्या, भाऊ." मीही झिरोवरच डोळा ठेवायचो, मापात मला कोणी मारू शकत नाही.

परवा चढावर इंजिन खडखडलं. कॉम्प्रेशन वाढवून नव्यानं बांधलेलं माझं इंजिन साध्या पेट्रोलवरच असं वाजतं. पिस्टनच गेला असता! तसाच परत जाऊन त्या भरणाऱ्यावर ओरडलो.

त्यानं शांतपणे काच पुसली. "मापाची जबाबदारी माही, भाऊ. पंपाच्या टाकीत मालकानं काय ओतलं, ते मले कायले इचारता?"

बरोबर आहे. मालक, बाहेर या. तुम्ही सांगा.