नाहीसा झालेला उंचवटा

सरिता मॅडमनी आलेख डोळ्यांजवळ धरला, मग माझ्या नातीकडे पाहिलं. "रोशनी, चाळीस अंशांवरचा उंचवटा कुठे गेला? तूच कापलास ना? असल्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

आता ही भानगड सांगतो. उमरेडच्या विणकराची ही नात नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पॉलिमर गोठवते अन् वितळवते. मेणासारखा पांढरा माल. वितळवून तो एका सच्छिद्र चकतीच्या छिद्रांत मुरवायचा. छिद्र केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. माल गोठला की उष्णता सुटते अन् यंत्राच्या आलेखावर उंचवटा उठतो. सगळ्यांच्या चकत्यांवर तो चाळीसला येतोच. हिचा आलेख शून्यापर्यंत सपाट.

घरी पोरगी जेवेना. माझी बायको रुख्माबाईही तिच्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली.

"खरं सांग वं, लबाडी तं नाही केली?"

"आजी, तूबी?"

"मंग त्या चकतीले केलं काय?"

"पुसली. तू ताण्याले कुंचा मारे तशी."

आमच्यात ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ दिली की कुंचा मारून वरची सगळी काढतात. सुतात मुरली तेवढीच ठेवायची. बाकीची पोरं चकती एकदा पुसून मोकळी होत. हिचा हात काही थांबत नाही.

बोलता बोलता रोशनीलाच उमगलं. म्हणजे चाळीसचा उंचवटा वर राहिलेल्या थराचा! गोठायला सुरुवात करून द्यायला धुळीचा कण लागतो. इतक्या बारीक छिद्रात कण कुठून येणार? आतला माल तसाच पातळ राहत असणार.

"यंत्र शून्यावर थांबवू नका मॅडम, अजून खाली थंड करा," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"की पुसता पुसता छिद्रंच रिकामी केलीस?"

मॅडमनी नवी चकती काढली, स्वतः भरली, स्वतः घासून पुसली. रोशनीला यंत्रापासून लांब, दाराशी उभं केलं. शून्य, सपाट. वजा दहा, सपाट. मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं. वजा पंचविसाच्या आसपास उंचवटा उठला, चांगला टोकदार. परत तापवलं तर माल वितळला, तोही नेहमीपेक्षा जरा आधीच. म्हणजे छिद्रं रिकामी नव्हती.

मॅडमनी यंत्राची वायर तपासली. मग रोशनीच्या जुन्या आलेखावर सही केली अन् खाली लिहिलं, 'खात्री केली. चकती मी स्वतः पुसली.'