तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती. माझ्या नातीला बारावीनंतर पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात जायचं होतं, मुलाखतही झाली, पण इंग्रजी कच्चं म्हणून त्यांनी तिला घेतलं नाही. माझा मुलगा ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचा. सून शेजारणींना सांगायची. नात स्वतःही तेच सांगायची, आणि तिचं ते सांगणंच मला सहन होईनासं झालं. कारण असं घडलेलं नाही. काय घडलं ते मला एकट्याला माहीत होतं. का घडलं, ते अजून मलाही पुरतं उमजलेलं नाही.

मी कापडाचा दुकानदार. आमची शेती आंजीला, दुकान वर्ध्यात, घर बोरगाव मेघ्यात. दुकान आता मुलगा पाहतो. मी सकाळी दोन तास जाऊन बसतो आणि जेवायला घरी येतो. घरातलं कोणी वर्धा-नागपूरच्या पलीकडे शिकायला गेलेलं नव्हतं. त्यामुळे नातीनं त्या विद्यापीठाचं नाव काढलं तेव्हा आम्ही सगळे जरा गोंधळलोच. तिथं म्हणे एकाच वेळी अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि चित्रकला शिकता येते. मी विचारलं, "मग शेवटी पोरगी होते काय?" ती म्हणाली, "आबा, ते मंग ठरवता येते." मला हे उत्तर आवडलं नाही, पण पोरीचा उत्साह पाहून मी म्हटलं, भरू फॉर्म.

फॉर्म मोबाइलवर होता. मी शेजारी बसलो, कारण आमच्या भावकीतल्या लग्नांची परिचयपत्रं मीच लिहून देत आलो आहे आणि अशा कामाचा मला अनुभव आहे, असं माझं मत होतं. पहिलाच वाद नंबरावरून झाला. ती स्वतःचा नंबर टाकत होती. मी म्हटलं, "परक्या लोकाइले पोरीचा नंबर द्यायचा नसते. माह्या टाक." ई-मेलही माझाच टाकायला लावला. तिनं फार ताणलं नाही.

पुढं एक प्रश्न असा होता की तुम्ही कधी अपयशी झालात ते लिहा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आमच्याकडे घरातलं एखादं मोडलेलं लग्न आम्ही वीस वर्षं कोणाला कळू देत नाही आणि हे लोक आपणहून विचारत होते. मी म्हटलं, "लिही, अपयश नाई म्हणून." नात हसली. तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मीही मागितलं नाही, इंग्रजीत होतं.

मग विद्यापीठानं मुलाखतीचं कळवलं. तीही मोबाइलवरच, घरबसल्या, समोर त्यांची दोन माणसं आणि इकडे ती. एवढं कळल्यावर घरात जी धावपळ झाली, ती मुलगी पाहायला येतात तशीच झाली, आणि ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुकानातून नवीन पडद्याचं कापड आणून खिडकीला लावलं. फ्रिज चित्रात येतो म्हणून सरकवला. सून मला हळूच विचारायला आली, "मामाजी, साडी नेसू द्यायची का तिले?"

नात आतून म्हणाली, "आई, कॉलेजची मुलाखत आहे व."

"म्हणूनच विचारून राह्यली ना. चांगलं दिसते."

शेवटी पंजाबी ड्रेसवर ठरलं. मी तिला बसवून सांगितलं, "नजर खाली ठेवजो. विचारलं तेवढंच बोलजो. तुले काय पाह्यजे ते आपण होऊन सांगायचं नाई." तिनं मान हलवली. मी टेबलाच्या कडेला खुर्ची घेतली, चित्रात येणार नाही अशी. मोठ्या माणसानं जवळ असावं, एवढंच डोक्यात होतं.

समोर एक बाई आणि एक गृहस्थ होते. दोघंही हसतमुख. ते इंग्रजीत विचारत आणि मध्येच हिंदीत येत. नात सुरुवातीला अडखळली, मग लागली बोलायला. माझं सांगणं विसरून ती सरळ समोर पाहत होती. आणि माझ्या लक्षात आलं की ती आमच्या दुकानाचं सांगते आहे.

ती दहावीत असताना तिच्या हट्टावरून आम्ही शाळेचे तयार गणवेश विकायला ठेवले होते. मापं तिनं काढली होती, स्वतःच्या वर्गातल्या मैत्रिणींची. पण तयार गणवेश घ्यायला येतात ते पहिली-दुसरीच्या पोरांचे आईबाप. मोठ्या मापांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. हे ती त्या परक्या माणसांना हात हलवून रंगवून सांगत होती आणि ते दोघं हसत होते. त्या गृहस्थानं तर हातातला पेन खाली ठेवला.

मला ते हसणं सोसलं नाही. आमच्या पेढीवर कोणी असं हसलेलं नव्हतं. मी पुढं वाकून मोठ्यानं म्हणालो, "नहीं नहीं, दुकान अच्छा चलता है."

समोरचे दोघं थांबले. खोलीत आणखी कोणी आहे का, असं बाईनं विचारलं. नात म्हणाली, "माय ग्रँडफादर." मग लपण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढून चित्रात आलो, हात जोडले आणि माहिती द्यायला लागलो. दुकान किती जुनं, शेती कुठं, घरात कोणाला कसलं व्यसन नाही, मुलगी स्वयंपाक करते, कोणाला उलटून बोलत नाही. पुढचे दोन-तीन प्रश्न त्यांनी तिला विचारले आणि उत्तरं मी दिली. ते ऐकून घेत होते. नातीची नजर एव्हाना खाली गेली होती, मी सांगितली होती तशी. शेवटी त्यांनी माझे आभार मानले. फोन बंद झाल्यावर मी सुनेला म्हटलं, "झालं समज. माणसं चांगली आहेत."

इथवर जे झालं ते नातीला माहीत आहे. आबा मधे बोलले, हे ती कधी कधी हसूनही सांगते. पुढचं तिला माहीत नव्हतं.

तीन-चार दिवसांनी दुपारी माझा फोन वाजला. मी जेवून आडवा झालो होतो. तीच बाई होती, आता मराठीत बोलत होती, स्वच्छ पुण्याकडचं मराठी. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ती म्हणाली, "तुमची नात छान बोलत होती. तिचं सगळं ऐकायचं राहून गेलं. आम्हाला तिच्याशी पुन्हा बोलायचं आहे, पण एकटीशी. तिला विचारून तेवढं आम्हाला कळवाल का?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

आणि मी कोणाला विचारलं नाही.

का, ते सांगायचा प्रयत्न करतो. माझ्या हिशोबानं बोलणी पुढं न्यायची ती समोरच्यांनी. मुलीकडचे मागं लागले की किंमत जाते. त्यांना खरंच पाहिजे असेल तर पुन्हा फोन करतील, असं मी धरून चाललो. आणि एकटीशी कशाला? आमच्यासमोर बोलता येत नाही असं काय विचारायचं आहे? हे सगळं माझ्या डोक्यात होतं. कॉलेज आणि सोयरीक यांतला फरक मला कळत नव्हता, असं म्हणून मी स्वतःची समजूत कित्येकदा घातली आहे.

पण एक गोष्ट त्यात बसत नाही. मी फोन ठेवला तेव्हा नात दारात उभी होती. तिनं विचारलं, "कोणाचा होता आबा?"

मी म्हटलं, "सुरतवाल्या एजंटचा."

गैरसमज झालेला माणूस खोटं कशाला बोलेल? मी बोललो, आणि एवढं पटकन की मलाच नवल वाटलं. ती जाऊ नये असं मला वाटत होतं का? मग फॉर्म भरताना मी तिच्या शेजारी का बसलो, पडद्याचं कापड मी का फाडून दिलं? मी तिला पाठवायलाही निघालो होतो आणि अडवायलाही. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त खरं, ते या वयात बसून ठरवायला गेलो तर डोकं चालेनासं होतं.

फोन पुन्हा आला नाही. ई-मेल आला असेल, पण माझ्या फोनवर साड्यांच्या जाहिरातींचा जो ढीग साचलेला असतो त्यात मी कधी शोधला नाही. पुढं नातीनंच त्यांच्या वेबसाइटवर पाहिलं. खेद वाटतो, असं काहीतरी होतं. ती बराच वेळ ते वाचत बसली आणि मग म्हणाली, "माह्यं इंग्रजीच कच्चं आहे." सून म्हणाली, "जाऊ दे व, वर्ध्यात काय कॉलेज नाई का?" मी तिथंच होतो.

तिनं वर्ध्यात बी.कॉम.ला नाव घातलं. अभ्यास नीट केला. पण बोलणं गेलं. घरात ती पूर्वीसारखीच होती, बाहेर मात्र कोणी इंग्रजीचा एक शब्द काढला की तिथून उठायची. वर्गात मागं बसते, असं तिची मैत्रीण सांगायची. कॉलेजात कसल्याशा स्पर्धेला तिचं नाव दिलं तर जाऊन काढून आली. तिचा बाप म्हणायचा, लाजाळू आहे. ती लाजाळू कधीच नव्हती. ती आमच्या गिऱ्हाइकांना हसवायची.

आता या वर्षी तिचं शेवटचं वर्ष संपलं. नागपूरच्या एका कंपनीची जाहिरात तिनं मला वाचून दाखवली. काम तिच्या आवडीचं, पगार बरा. मी म्हटलं, "मंग भर ना." तिनं फोन उलटा ठेवला. "मुलाखत आहे याच्यात. नाई जमत मले." इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की जसं एखादा म्हणतो मला कारलं चालत नाही.

त्या दिवशी मी सांगितलं. चहा झाला होता, सून मागं भांडी घासत होती. सुरुवात कुठून करावी कळेना म्हणून शेवटूनच केली. म्हटलं, "त्या बाईचा फोन आला होता. तुह्याशी पुन्हा बोलायचं होतं त्याइले. मी सांगितलं नाई तुले."

तिला आधी कळलंच नाही. "कोणत्या बाईचा?"

मी सगळं सांगितलं, सुरतवाल्या एजंटासकट. ती रडेल किंवा ओरडेल, असं मला वाटत होतं. तिनं विचारलं, "ती काय म्हणे? नेमकं."

मी बाईचे शब्द सांगितले.

"छान म्हटलं का ठीक म्हटलं?"

"छान."

"नक्की?"

"हाव."

ती कपाकडे पाहत राहिली. "मले वाटे, गणवेशाची गोष्ट सांगून मीच वाट लावली. ही अशी कशी दुकानातली गोष्ट सांगत बसली मी, असं वाटे." मग विचारलं, "ते हसले होते का आबा? मी नंतर खालीच पाहून राह्यली होती, तर मले आता आठवत नाई."

"हसले होते. चांगले हसले. त्यानं पेनही खाली ठेवला." आणि हे बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की ते आमच्यावर हसत नव्हते. एवढी साधी गोष्ट, आणि मला ती आता कळत होती.

"मंग काऊन नाई सांगितलं मले?"

मी म्हटलं, "मले समजत नाई." तिनं कप उचलला. ती म्हणाली, "बाबाले आणि आईले तुम्ही सांगा. मी नाई सांगत."

रात्री जेवताना सांगितलं. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, झालं ते झालं. घरी राह्यली, बरंच झालं." सुनेनं त्याला भाजी वाढता वाढता हात मागं घेतला आणि पातेलं खाली ठेवलं. त्यानंतर तिनं मला "मामाजी, चहा" म्हणून हाक मारली नाही, नुसता कप आणून ठेवते. नातीनं मात्र एक गोष्ट सुरू केली आहे आणि तिचा अर्थ मला लागत नाही.

कोणी घरी आलं की ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणते, "आबा, आत्याले सांगा ना ती बाई काय म्हणे ते." मी सांगतो. आधी माझी लेक आली, मग नातीची मैत्रीण, दोघींना सांगितलं. आंजीहून माझा भाऊ आला, त्याच्यासमोर सांगताना माझी मान वर होत नव्हती, तरी सांगितलं. नात दरवेळी तिथंच उभी असते. परवा मी म्हणालो, "ती म्हणे पोरगी चांगली आहे, पुन्हा बोलायचं आहे."

"असं नव्हती म्हटली," नात म्हणाली. "नीट सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तुमची नात छान बोलत होती. तिचं सगळं ऐकायचं राहून गेलं.

ही मला शिक्षा आहे, का तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं आहे, मला ठरवता येत नाही. मी विचारतही नाही. नागपूरचा फॉर्म तिनं भरला की नाही, तेही विचारलेलं नाही. तिनं बोलावलं की मी उठतो, बाहेर येतो आणि त्या बाईचे शब्द एकही न बदलता सांगतो.