हिर्डोशीचा बहामनी टंका

मी जुनी नाणी जमवतो. ओळखीच्या बाळूने मोबाईलवर एका नाण्याचा फोटो पाठवला आणि माझी झोप उडाली. हिर्डोशीच्या रानात शेळ्या चारताना त्याला सापडलेला तो चांदीचा टंका बहामनी वाटत होता. पण सुलतानाचं नाव दुसऱ्या बाजूला असणार, आणि त्या बाजूचा फोटो काही आला नाही. पुढे महिना-दीड महिना फोनही लागेना. डोंगरात रेंज नसेल, म्हणून शेवटी मी पुण्याहून गाडी काढली.

कापूरहोळला हायवे सोडला. भोरच्या स्टँडजवळ ऐंशी रुपयांत झणझणीत मिसळ मिळाली. पुढे धरणाच्या कडेने रस्ता अरुंद आहे. स्वतःची गाडी न्या; एसटीच्या भरवशावर गेलात तर परतीचं काही खरं नाही.

वस्तीवर बाळूच्या आईने घोंगडी अंथरली. बाळू कुठंय, मी विचारलं.

"त्यो न्हाई आता. घाटात टेम्पो पलटी झाला."

 तिने देव्हाऱ्यातून चांदीचा टाक आणला. इकडे बिनलग्नाचा तरुण गेला की त्याचा वीर करतात, पत्र्यावर घोडेस्वार ठोकून तो टाक देवांत बसवतात. चांदी म्हणून तिने सोनाराला ते नाणंच दिलं होतं.

"त्याचीच चांदी त्याला," ती म्हणाली.

टाक उलटा केला. कडेला अरबी अक्षरांचे दोन फराटे उरले होते, ते फोटोशी जुळले. नाणं अस्सल होतं. सुलतानाचं नाव मात्र घोड्याखाली कायमचं चेपलं गेलं होतं. राग तरी कुणावर काढणार?

"लोकं हसायची त्याला. जत्रंतला बिल्ला हाय म्हनायची. त्यो म्हनायचा, पुण्याचं सायेब येत्याल, मग बगा. खरं व्हतं का?"

"खरं होतं, मावशी. खूप जुनं."

"मला नगा सांगू. त्याला सांगा."

तिने टाक पाटावर ठेवला. मी देवधर्म फारसा न करणारा माणूस, तरी हात जोडले. "बाळू, नाणं खरं आहे. तुझं बरोबर होतं."

शेजारची माणसं दारात येऊन उभी होती.

"जरा मोट्यानं," आई म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

टाकाचा फोटो मी मागितला नाही. तुम्हाला कुठं असं नाणं दिसलं, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एवढंच सांगतो. हा टंका कोणत्या सुलतानाचा, दुर्मिळ होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. आम्ही नाणंवाले फोटोच्या फाईलला राजाचं नाव देतो.  घरी आल्यावर त्या एका बाजूच्या फोटोच्या फाईलला मी बाळूचं नाव दिलं.