टेबलावरची मेलेली माणसं

कोंडीराम मूळचा औशाकडचा. चाकणला गाड्यांचे सांगाडे करणाऱ्या कंपनीत आम्ही एकाच शेडमध्ये होतो. तो वेल्डर, मी फिटर. त्याचं काम लांबून ओळखू यायचं. वेल्डिंगची रेषा कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते शोधावं लागायचं. जोड कच्चा निघाला तर सुपरवायझरने बोलायच्या आधी हाच तो घासून पुन्हा करायचा. कामचुकार माणसाला म्हणायचा, "भावा, चहा पी, पण मशीनपासून लांब जाऊन पी." निवृत्तीनंतर तो मोशीत घरी बसला. त्याच वर्षी बायको, रुक्मिणीबाई, गेली. मुलगी दिपाली सासरी. घर त्याला खायला उठायचं.

चिंचवडजवळच्या प्राधिकरण भागात एक प्रतिष्ठान आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांना नावाचीच हौस आहे. त्यांनी ठरवलं की आफ्रिकेतल्या मलावी देशात तरुणांसाठी वेल्डिंगचा वर्ग काढायचा. मलावीच का? तर एका विश्वस्ताचा भाचा तिथं व्यापार करतो. सचिव गुरुदत्त देशपांडे शिकवायला फुकट माणूस शोधत होते. कोंडीराम तयार झाला.

मला तो देश कोंडीरामच्या फोनवरूनच कळला. नकाशात तो बोटभर लांब दिसतो आणि त्याच्या अंगाला अंग लावून एक अफाट तळं आहे, पलीकडचा किनारा दिसत नाही इतकं. माती तांबडी. आंब्याची झाडं रस्त्याच्या कडेला कुणाचीच नसल्यासारखी उभी. पाऊस संपतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळा सुरू होतो. हवा दमट, डास मरणाचे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पाला आणि तळ्यातली बोटाएवढी मासळी, हे जेवण. "बबनराव, रस्त्यानं बघावं तिकडं पोरंच," तो सांगायचा. "शिकल्याली हायेत, इंग्रजी फाडफाड बोलत्यात, अन् काम न्हाई. दिवसभर सायकलीवर माणसं वाहत्यात. अंगात मुरूम फोडायची ताकद, अन् फोडायला मुरूमच न्हाई."

हे झालं देशाचं. आता आपल्या दानशूरांचं सांगतो.

सामान भोसरीच्या एका शेडमध्ये जमत होतं. मीही मदतीला जायचो. वेल्डिंगची मशीनं, लोखंडी टेबलं, ग्राइंडर. काही चांगलं, बरंचसं कारखान्यांनी टाकलेलं. दाते यायचे, सामानाला हात न लावता त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि विचारायचे, "नाव कुठं येणार?" आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव असतं, बाकावर असतं, पाणपोईवर असतं. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो बंद ठेवणारेही मी पाहिलेत.

तिथं इंग्रजी चालतं, म्हणून नावं इंग्रजीत हवी होती. देशपांड्यांच्या सुनेने, निवेदिताने, कागदावर सुबक अक्षरात लिहून दिलं, 'इन मेमरी ऑफ लेट' आणि पुढे नाव. कोंडीरामने प्रत्येक टेबलाच्या कडेवर वेल्डिंगच्या रेषेनेच ती अक्षरं उठवली. कागदात बघून एकेक अक्षर जुळवलं. अर्थाकडे त्याचं लक्ष नव्हतं, अक्षर सरळ आलं पाहिजे एवढंच. एका टेबलाचं लोखंड त्याने स्वतः आणलं होतं. त्यावर रुक्मिणीबाईचं नाव घातलं. ते मात्र मी बघत असताना घातलं नाही.

तळ्याकाठच्या गावाने वर्गासाठी आपलं मक्याचं गोदाम दिलं. अट एकच होती. कापणी होईपर्यंत वर्ग उभा राहिला तर गोदाम वर्गाचं, नाहीतर मका आत आणि वर्ग बाहेर.

कोंडीराम सामानासह तिथं पोचला. पहिल्या दिवशी पोरांनी गर्दी केली. दुसऱ्या दिवशी आया आल्या, टेबलांभोवती फिरल्या, कडांवरून बोटं फिरवली आणि पोरांना घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी गोदामात कोंडीराम एकटा.

गावच्या शाळेचे मास्तर आले, फिरी आडनावाचे, सगळे त्यांना फिरीसर म्हणत. त्यांनी सोप्या इंग्रजीत हळूच विचारलं, "ही सगळी माणसं या टेबलांवर काम करतानाच गेली का?"

कोंडीरामला आधी कळेना. मग कळलं. गावाने सरळ वाचलं होतं. प्रत्येक टेबलावर एका मेलेल्या माणसाचं नाव. विजेचं काम, आगीचं काम. मशीनने माणूस मारल्यावर दूर देशाने ते आपल्याकडे पाठवून दिलं, आणि आपली पोरं त्यावर उभी करायची. मी त्या आयांच्या जागी असतो तर मीही पोराला ओढून नेलं असतं.

कोंडीरामने देशपांड्यांना फोन लावला. मी तेव्हा प्रतिष्ठानच्या ऑफिसात होतो, फोन स्पीकरवर होता.

"साहेब, नावं काढावी लागतील. पोरं येईनात."

"नावांना हात लावायचा नाही, कोंडीराम. दात्यांच्या भावना आहेत. त्यांना समजावून सांगा."

"काय सांगू? ही माणसं हितं मेली न्हाईत, चिंचवडात मेली, आसं?"

"बघा, विनोद नको. नावं गेली तर पुढचा कंटेनर विसरा."

फोन ठेवून देशपांडे मला म्हणाले, "अडाणी लोक हो. अंधश्रद्धा." मी त्यांच्या ऑफिसातला चहा तसाच ठेवून उठलो. भिंतीवर देणगीदारांच्या फोटोंची रांग होती. मलावीचा एक फोटो नव्हता.

पुढचं कोंडीरामने परत आल्यावर सांगितलं. त्याने फिरीसरांना आणि त्या आयांना गोदामाच्या दारात उभं केलं आणि त्यांच्यासमोर ग्राइंडर चालवला. वेल्डिंगची अक्षरं उठलेली असतात, सहज जात नाहीत. पण कड हाताला लागायला नको इतकी त्याने ती गुळगुळीत केली. संध्याकाळपर्यंत टेबलावर कुणी मेलेलं राहिलं नाही. चिसोमो नावाची एक मुलगी मध्येच पुढे आली होती आणि तिने शेवटची दोन टेबलं त्याच्या हातातून ग्राइंडर काढून घेऊन स्वतः घासली. वाईट घासली. त्याने पुन्हा करायला लावली. दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरला आणि कापणीनंतर मका दुसरीकडे ठेवला गेला.

तो परत आला तेव्हा आकुर्डीच्या एका हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. पडद्यावर फोटो लागले. पोरं वाकून काम करताहेत, चिसोमो सायकलीला मागची बैठक जोडतेय. दाते मात्र टेबलांच्या कडा बघत होते.

मोशीचे हिंदुराव उठले. "आमच्या आबांचं टेबल कुठंय?"

"ते काय," कोंडीराम म्हणाला. "ती पोरगी त्याच्यावरच काम करायलीय."

"पण नाव?"

"घासलं."

हॉलमध्ये एकच गलका. कुणी विश्वासघात म्हणालं, कुणी पूर्वजांचा अपमान. आबा कुठल्या कुठं राहिले. हिंदुरावांचा चेहरा खिसा कापल्यासारखा झाला. देशपांडे माईकवर म्हणाले, "स्वतःच्या बायकोचं बरोबर ठेवलं असेल यांनी."

"तिचंच आधी घासलं, साहेब. आयांच्या समोर."

मला वाटलं, आता तरी कुणीतरी विचारेल की पोरं काय शिकली. कुणी विचारलं नाही. कोंडीरामच बोलला, "आता तिथं वेल्डिंगचे रॉड संपत आल्यात. मशीनं हायेत, पोरं हायेत, रॉड न्हाईत. तेवढे पाठवा."

देशपांडे समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, रॉड जळून जातात. त्यावर नाव कुठं टाकायचं?"

आम्ही उठलो. शाल खुर्चीवरच राहिली.

सध्या कोंडीराम भोसरी आणि चाकणच्या छोट्या वर्कशॉपांतून फिरतो. जुन्या ओळखीचे वेल्डर कुणी एक पुडा देतात, कुणी अर्धा. ओलावा धरलेल्या रॉडने जोड कच्चा येतो, म्हणून तसा रॉड तो परत करतो, देणाऱ्याच्या तोंडावर. मोशीच्या त्याच्या खोलीत रॉडची चळत लागली आहे. ती अजून पुरेशी नाही.