सटवाईच्या लुगड्यात मी

आमच्या गावात राइस मिलच्या मागे सटवाईचं ठाणं आहे. त्यातली मूळ देवी मी आहे.

यात बढाई नाही. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी नुकताच शाळामास्तर झालो होतो आणि भूतखेत सगळं खोटं असतं, असं पोरांना ठणकावून सांगत होतो. (दिवसा!) असा सुधारक माणूस देवी कसा झाला, तर आत्यामुळे.

कौतिका आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती एक ट्रंक आणि दोन मांजरी घेऊन. पुढे गावात जिथं कुठं कुणी पिल्लू टाकलं, कुत्र्यानं मांजर फाडलं, कुणाच्या विहिरीत बोका पडला, की बोलवा कौतिकाबाईला! लंगडी, काणी, शेपूटतुटकी अशी सगळी प्रजा तिनं मिलच्या मागच्या पडक्या गोदामात वसवली. हळद लावायची, चिंध्या बांधायची आणि स्वतःच्या ताटातला भात त्यांना घालायची.

मिलचा सेठ मूळचा गोंदियाचा. इतकी वर्षं तो काही बोलला नाही. त्या दिवाळीत मात्र म्हणाला, "बाई, मंडई के बाद गोदाम में नया धान रखना है. किराया दो तो रहो. नहीं तो बिल्लियाँ बोरे में, और बोरा वैनगंगा के पार!"

मारणार नव्हता हं! मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हे सेठला पाठ होतं. त्या हिशेबानं वैनगंगा स्वस्त होती.

"पारच्या जंगलात कोल्हे हायेत रे," आत्या मला म्हणाली. "माही लंगडी सोनी तं एक रात बी नाई काढणार." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या फुफ्याच्या, तेराव्यालासुद्धा ही बाई रडली नव्हती. 

मग आम्ही मांजरांसाठी निधी गोळा करायला निघालो. आधी आत्या दारोदार मूठ-मूठ तांदूळ मागत फिरली. देवळाला पोतं भरून देणारं आमचं गाव! पण मांजरांचं नाव काढलं की बाया म्हणत, "काऊन वं कौतिका, तुही मांजर आमचं दूध पेते थे पेते, अन वरून तांदूळ बी तिलेच?"

मग आत्यानं उंदरांसाठी मांजरी भाड्यानं द्यायला काढल्या. पहिली मांजर पाटलांकडे गेली. तिनं चुलीवरचं दूध संपवलं, नव्या सुनेच्या ट्रंकेत शालूवर चार पिल्लं घातली आणि उंदीर होता तिथंच ठेवून परत आली. पाटलांना उलट आत्यानंच भरपाई दिली, आणि वर पिल्लंही आमच्याकडेच आली.

तेव्हा अक्कल चालवली मी. आमच्या भागात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. जिलेबीची दुकानं लागतात, गोवारी गुराखी उंच सजवलेल्या काठीची ढाल नाचवतात, रात्री दंडारीचा नाच-तमाशा होतो. मी म्हणालो, "आत्या, मंडईत भुताचा तंबू लावू! एक आणा द्या, आत या आणि भूत पाहा."

"अन भूत कोन?"

"मी!"

आत्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तू? तू तं अंधारात मांजर दिसली तरी रामराम म्हनून राहते!"

पण दुसरं कोण तयार होणार? बायकोला, विमलला, मी सांगितलं की शाळेच्या कामानं गोंदियाला चाललो. आणि भर दुपारी मंडईच्या टोकाला, म्हाताऱ्या मोहाच्या झाडाला टेकवून आम्ही पोत्यांचा तंबू उभा केला. आत इतका अंधार की कंदिलाशिवाय स्वतःचा हात दिसेना. माझ्या मागे वात बारीक केलेला कंदील आणि पुढे उदाचा धूर. मी आत्याचं पांढरं लुगडं नेसून, तोंडाला चुना फासून, दंडारीतल्या नाच्याचे खोटे केस लावून, मोकळे सोडून बसलो. सोबतीला सगळ्या मांजरी आत सोडल्या, आणि त्या पळू नयेत म्हणून आत्यानं सुक्या झिंग्यांची पुरचुंडी माझ्या कमरेला लुगड्याच्या आत बांधली. ही कल्पना तिची! पुढे जे झालं त्यातला मोठा वाटा या झिंग्यांचा.

बाहेर आत्या ओरडू लागली, "एक आना! भूत पाहा, एक आना!" आणि आत मांजरी झिंग्यांच्या वासानं माझ्यावर चढू लागल्या. एक मांडीवर, एक खांद्यावर, लंगडी सोनी थेट डोक्यावर. पांढऱ्या तोंडाभोवती नुसते हिरवे डोळे! पहिला गडी आत आला, पाहिलं आणि आलेल्या वाटेनं उलटाच बाहेर गेला. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला भ्यालं होतं.

फक्त एक गोष्ट बरी वाटेना. लोक बाहेर गेले आणि तंबू रिकामा झाला, की सगळ्या मांजरी एकदम गप्प होत, आणि माझ्याकडे पाहायचं सोडून माझ्या डाव्या खांद्यामागे पाहत. सगळ्याच, एकाच जागी. तिथं पोतं होतं आणि पोत्यामागे मोहाचं खोड. दुसरं काही नव्हतं. मी वळून पाहिलं नाही. (मान अवघडली होती, असं मी स्वतःला सांगितलं.)

तिसऱ्या का चौथ्या खेपेला गावची म्हातारी सुईण आत आली. ती काही पळाली नाही. डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली आणि म्हणाली, "अवं माय! हे भूत नोहे. ही तं सटवाई होय! मांजर तिचंच वाहन!"

झालं! सटवाई म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी येऊन कपाळी नशीब लिहिणारी देवी. बाहेर बोभाटा झाला आणि रांग लागली. कुणी नारळ ठेवी, कुणी खणाची चोळी. कुणी हळदीकुंकू आणलं आणि माझ्या चुन्यावर फासलं. मी बोलावं तर आवाजावरून "मास्तर!" म्हणून पोरं ओळखतील. म्हणून देवी मुकी राहिली, आणि लोकांची भक्ती आणखी वाढली.

तेवढ्यात आत कोण यावं? विमल! माझी धर्मपत्नी! हात जोडून गुडघ्यावर बसली.

"माय, माहा मालक मनानं चांगला हाये. पन लय भेकड! राती परसात जायले मले कंदील धरून पुढं घालते. मायबाई, त्यायले थोडीशी हिंमत दे. तुले दरसाल नारळ फोडीन."

देवीच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, ते देवीलाच ठाऊक. चुन्याखाली माझे कान तापले. विमल नमस्कार करून गेली.

ऊन कललं. पोत्यांच्या फटीतून येणारा उजेडही विझत आला. आणि शेवटी सेठ आला. त्याच दिवशी त्याच्या पहिल्या नातवाची छठी होती! घरी सहाव्या दिवसाची पूजा मांडलेली, आणि इकडे गावात सटवाई प्रकटलेली, तीही ज्यांना पोत्यात भरायचं त्याच मांजरी अंगावर घेऊन. सेठचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा होता, आणि त्याला चुना लावलेला नव्हता.

"माता," तो हात जोडून म्हणाला, "मेरे पोते के माथे पे क्या लिखा है? मुझसे कोई भूल हुई क्या?"

अहाहा! चालून आलेली संधी! दोन शब्द बोललो असतो तर गोदाम आमचं झालं असतं. आवाज बारीक करून बोलायचं, इतकंच. मी तोंड उघडलं, पण बोलणं तिथंच राहिलं. मांजरी एकदम गप्प झाल्या होत्या. सगळ्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्यामागे. सोनीची नखं माझ्या डोक्यात रुतली.

आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणी बाई कोरड्या आवाजात म्हणाली,

"माही लेकरं पोत्यात भरतं का रे?"

आत्याच असणार, मी म्हटलं. मागून फटीतून बोलत असेल. वा रे आत्या! आणि तेवढ्यात, त्याच क्षणी, समोर तंबूच्या तोंडाशी आत्याचा खणखणीत आवाज आला, "एक आना! ए पोट्ट्या, आना दे पहिले!"

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी पळत होतो. सेठ दाराशी होता, तरी देवी त्याच्या आधी बाहेर पडली! तंबू कोसळला. मी लुगडं गुडघ्यापर्यंत धरून मंडईतून धावतोय आणि झिंग्यांपायी मांजरांची फौज शेपट्या उभारून माझ्या मागे! गोवारी नाचता नाचता थांबले. ढाल वाकडी झाली. जिलेबीवाला कढई सोडून आडवा पडला. माझ्या वाटेतला माणूस न् माणूस जमिनीला कपाळ टेकत होता आणि मी त्यांच्या पाठींवरून उड्या मारत, "वाचवा! वाचवा!" म्हणत होतो. (देवी गावाला वाचवायला आली, असा त्याचा अर्थ पुढे लावण्यात आला.) समोर बोडी होती, गावचं लहान तळं. मी सरळ आत.

चुना धुऊन, लुगडं पाण्यात सोडून, आतल्या अर्ध्या चड्डीवर मी पलीकडच्या काठाला निघालो. अलीकडे सगळं गाव हात जोडून उभं होतं. देवी पाण्यात गुप्त झाली!

सगळा चढावा आणि आत्याचे आणेसुद्धा सेठनं देवीच्या कामाला लावले. मांजरांच्या निधीत छदाम पडला नाही. पण गोदामाशी त्यानं सटवाईचं ठाणं बांधलं, गोदाम मांजरांना कायमचं सोडलं आणि रोज सकाळी स्वतः दूध पाठवू लागला. गोदाम सुटलं त्या संध्याकाळी आत्या सोनीला मांडीवर घेऊन गोदामाच्या पायरीवर बसली आणि पुन्हा रडली. मीही रडलो. माझं थोडं कारण वेगळं होतं.

"आत्या, खरं सांग, मागून कोण बोललं?"

"तूच ना! मी तं बाहेर होती. पन आवाज मस्त काढला रे तू!"



आज त्या ठाण्याला लांबलांबचे लोक येतात. सुईणीला नातू झाला, सेठची मिल वाढली, पाटलांच्या घरचे उंदीरही गेले म्हणतात. देवी ज्याला त्याला पावली. एकट्या विमलचा नवस तेवढा अडला आहे. दरसाल मंडईच्या रात्री ती न चुकता नारळ फोडायला जाते आणि मला सोबत नेते. वाटेतलं ते मोहाचं झाड जवळ आलं, की मी तिच्या हातात कंदील देतो आणि तिला पुढे घालतो.